धुळ्याच्या कोर्टात युरोप

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वकील कोर्टात गेला. दुपारी दोघा वकिलांनी त्याला रिक्षातून घरी आणले. संध्याकाळी तो वारला. खोल्या त्याच्या नावावर होत्या.

धुळ्याच्या कोर्टाने खून पाहिले, दरोडे पाहिले, बांधासाठी भावाभावांत चाललेल्या कुऱ्हाडी पाहिल्या; पण त्या इमारतीत युरोप आणण्याचे काम एकट्या आमच्या वकिलाने केले. तोही इतक्या वेळा, इतक्या चिकाटीने आणि इतक्या विनाकारण आणला की वकिलांच्या बाररूममध्ये त्याचे खरे नाव मागे पडले आणि 'युरोप' हेच नाव चालू झाले. "युरोप आला का रे?" "युरोपची तारीख पडली." "युरोपला सांग, चहाचे पैसे त्याने द्यायचेत." नवीन आलेल्या पक्षकाराला वाटायचे, या वकिलाचे शिक्षण विलायतेत झाले असावे. प्रत्यक्षात तो रावेरकडच्या केळीच्या बागांतून आलेला माणूस. इंदूरच्या पलीकडे कधी गेला नव्हता, आणि इंदूरलाही एकदाच, तेही बस चुकून.

लोकांसमोर मी त्याला 'अहो वकीलसाहेब' म्हणायचो आणि घरात 'अरे'. लिहिताना कोणते घ्यावे यावर मी बरेच महिने घालवले. शेवटी घरातलेच घेतो. आम्ही दोघे एका घरात नवरा-बायको राहतात तसे राहिलो. फक्त भांडणे जास्त आणि पाहुणे कमी. आमच्यासारख्यांसाठी तेव्हा दंडविधानात इंग्रजांच्या वेळचे एक कलम होते आणि त्यात शिक्षा जन्मठेपेपर्यंत लिहिली होती. त्या मानाने आमचा गुन्हा बहुतांशी भाजी निवडण्याचा होता.

ओळख एसटीत झाली. मी त्या वेळी जळगावला, मेहरूणमध्ये खोली घेऊन राहत होतो आणि धुळ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून रुजू व्हायला निघालो होतो. गाडीत चढलो, रिकामी सीट दिसली, बसलो. थोड्या वेळाने घामाने निथळणारा एक काळा कोट समोर उभा राहिला आणि म्हणाला, "आपण माझ्या ताब्यावर बसला आहात." मी उठून पाहिले तर खाली रुमाल. तो त्याने खिडकीतून टाकला होता. मी म्हणालो, रुमालाने सीट होत नाही. ही माझी चूक. एरंडोल येईपर्यंत त्याने मला प्रत्यक्ष ताबा आणि कायदेशीर ताबा यांतला फरक उभ्या उभ्या समजावला. पारोळ्याला मी कंटाळून जागा सोडायला निघालो, तर घाबरून म्हणाला, "उठू नका हो, मग युक्तिवाद कोणाशी करू?" धुळ्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत तडजोड झाली होती. सीट दोघांची, रुमाल त्याचा. दोन दिवसांनी रुमाल धुऊन परत द्यायला गेलो आणि मग राहिलोच.

त्याच्या सवयी सांगायच्या तर केळ्यांपासून सुरुवात करावी लागेल. गावाहून त्याचा भाऊ दर पंधरवड्याला एसटीच्या टपावरून केळ्यांचा अख्खा घड पाठवायचा. दोन माणसांना घड म्हणजे शिक्षाच. वकिलाने मात्र त्यातून जीवनपद्धती काढली. सकाळी केळे, कोर्टात निघताना केळे, जेवणानंतर केळे. ज्या पक्षकाराची केस बुडणार असेल त्याला केळे. बाररूममध्ये एखाद्याला त्याने दोन केळी दिली की बाकीचे समजून चुकायचे, याचे अपील करावे लागणार. शिवाय पक्षकारही बागायतदार. फी म्हणून तेही केळीच आणायचे. आमच्या घरात रोख कधी दिसले नाही, पण उपास कोणत्याही दिवशी करता आला असता.

लग्नाच्या बाबतीत त्याच्या घरच्यांनी हार मानली नव्हती. दर उन्हाळ्यात भाऊ येऊन त्याला मुलगी पाहायला घेऊन जायचा आणि हाही भिडेखातर जायचा. पाचोऱ्याला गेला, तिथे पोहे खाता खाता त्याला कळले की मुलीच्या वडिलांनी तिचे पुढचे शिक्षण बंद केले आहे. त्याने वडिलांची उलटतपासणी सुरू केली. ती पाऊण तास चालली. शेवटी वडिलांनी शिक्षण चालू करण्याचे कबूल केले आणि पाहण्याचा कार्यक्रम तिथेच संपला. त्या मुलीने पुढे त्याला राखी पाठवली. अशा तीन उन्हाळ्यांत त्याने तीन मुली पाहिल्या आणि तीन बहिणी घेऊन परत आला. चौथ्या वर्षी भाऊ म्हणाला, "आता बस्स. एवढ्या भाऊबिजा मला झेपत नाहीत."

युरोप आला तो माझ्या वाचनालयातून. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आमच्याकडे इंग्रजी वर्तमानपत्र एक दिवस उशिरा यायचे. त्यात एका कोपऱ्यात बातमी होती की उत्तर आयर्लंडमधल्या एका माणसाने आपल्याच सरकारला स्ट्रासबर्ग नावाच्या गावी, मानवी हक्कांच्या कोर्टात खेचले आणि जिंकले. पोलीस त्याच्या घरात शिरले होते, त्याचे कागद घेऊन गेले होते, त्याला तासन् तास प्रश्न विचारले होते. कोर्टाने म्हटले, दोन सज्ञान पुरुष आपल्या खुशीने घरात काय करतात तो गुन्हा ठरवणारा कायदा त्या माणसाच्या खाजगी आयुष्यावर घाला आहे. मी ती बातमी वकिलाला टेबलाखालून दाखवली. त्याने उभ्याने वाचली, पुन्हा वाचली आणि भर वाचनालयात ओरडला, "जिंकलो!" परीक्षेचे दिवस होते. सगळ्या माना वर झाल्या. मला नाइलाजाने 'शांतता राखा' या पाटीकडे बोट दाखवावे लागले.

मग त्याने त्या कोर्टाला अर्ज केला. अर्ज कसा करायचा ते त्याला एकाच प्रकारे माहीत होते, धुळ्याच्या नक्कल शाखेत करतात तसा. 'अर्जदार विनंती करतो की निकालाची सही-शिक्क्याची नक्कल मिळावी', आणि वर महाराष्ट्र शासनाचे कोर्ट फीचे तिकीट चिकटवलेले. मी म्हणालो, "अरे, ते तिकीट फ्रान्समध्ये चालत नाही." तो म्हणाला, "न लावता अर्ज फेटाळला तर? तू भरून देणार का मुदत?" काही महिन्यांनी बोटीच्या टपालाने पाकीट आले. आत निकालाची पुस्तिका, डाव्या पानावर एक भाषा, उजव्यावर दुसरी. सोबत फुकट दिल्याचा कागद आणि अर्जावरून जपून सोडवलेले ते तिकीट. ते तिकीट पाहून त्याचा त्या कोर्टावर जो विश्वास बसला तो कायमचा. निकाल चांगला होताच, पण लोकांना तो सांगायचा ते तिकिटाचेच. "तिकीट परत करणारं कोर्ट आहे ते! आपल्याकडे तिकीट जाऊ दे, अर्ज तरी सापडतो का?"

पुस्तिका आली त्या दिवशी त्याने बाररूममध्ये पेढे वाटले. "कशाचे रे?" "लांबच्या नात्यातला एक जण केस जिंकला." दशकाच्या शेवटी आयर्लंडच्या दक्षिण भागातला असाच एक माणूस जिंकला, तेव्हा पुन्हा पेढे. नव्वदच्या दशकात सायप्रस बेटावरचा जिंकला, पुन्हा पेढे. धुळ्याच्या वकिलांना वाटायचे, या माणसाचे नातेवाईक फार भांडखोर असले तरी नशीबवान आहेत. ऑस्ट्रेलियातल्या एका बेटाच्या कायद्याविरुद्ध संयुक्त राष्ट्रांकडे निकाल लागला त्या वेळी मात्र वकिलाने पेढ्यांऐवजी गूळ-शेंगदाणे वाटले. मी कारण विचारले. म्हणाला, "ते कोर्ट नाही, समिती आहे. प्रोटोकॉल पाळला पाहिजे."

एवढ्यावर थांबला असता तर तो चारचौघांसारखा वकील राहिला असता. पण त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती, "एकदा रेकॉर्डवर आलं की आलं." आपल्या देशात कोणत्याही कोर्टाच्या, कितीही धाकट्या कोर्टाच्या कागदात ते निकाल एकदा नमूद झाले पाहिजेत, मग कोणीतरी, केव्हातरी, ते उचलून वर नेईल. आणि धाकटे कोर्ट त्याला रोजच उपलब्ध होते. म्हणून शेळीच्या केसमध्ये त्याने उत्तर आयर्लंड आणले. एकाची शेळी दुसऱ्याच्या अंगणात शिरली, दुसऱ्याने ती बांधून ठेवली, एवढीच ती भानगड. वकील शेळी बांधणाऱ्याच्या बाजूने होता. 'घर आणि खाजगी आयुष्य यांत आगंतुकाला शिरकाव नाही' या तत्त्वावर तो इतका वेळ बोलला की बाहेर आल्यावर शेळीवाल्याने त्यालाच गाठून विचारले, "वकीलसाहेब, मन्ही बकरी युरोपमा कवय गयी व्हती?"

भिंतीच्या केसमध्ये तर तो खरोखरच सुंदर बोलला. शेजाऱ्याची भिंत पक्षकाराच्या अंगणाकडे कलली होती. समोरचा वकील म्हणाला, भिंत अजून पडलेली नाही, मग त्रास कसला? आमचा उठला. "साहेब, आयर्लंडात एक कायदा होता. ज्या माणसाने तक्रार केली त्याच्यावर तो कधीच वापरला गेला नव्हता. सरकार म्हणालं, तुला पकडलं कोणी? कोर्टाने काय म्हटलं? कायदा वापरा अगर न वापरा, तो डोक्यावर आहे तोवर त्या माणसाला त्याच्या छायेत जगावं लागतं, आणि हाच त्रास. साहेब, माझ्या पक्षकाराची मुलं त्या भिंतीखाली जेवतात." मी त्या दिवशी रजा काढून मागच्या बाकावर बसलो होतो. न्यायाधीशांनी भिंत दुरुस्त करण्याचा हुकूम दिला. निकालात कारण लिहिले, भिंत कलली आहे. आयर्लंडचा शब्द नाही.

न्यायाधीश त्या पुस्तिका दाखल करून घेत नसत, हे आमच्या सुदैवाचे. वकीलही प्रत्येक ठिकाणी फक्त 'एक माणूस' आणि 'एक कायदा' एवढेच म्हणायचा. कसला माणूस, कसला कायदा, ते कोणी विचारत नसे. एकदाच एका नव्या, हौशी न्यायाधीशांनी पुस्तिका मागून घेतली. तिसऱ्या पानावर त्यांचे कान लाल झाले. त्यांनी पाणी मागवले, ते प्यायले, पुस्तिका उलटी करून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "वकीलसाहेब, हे पाटाच्या पाण्याच्या वादाला लागू नाही." वकील म्हणाला, "साहेब, पूर्ण वाचा, लागू होईल." साहेबांनी त्याच महिन्यात बदली मागितली, असे वकील सांगायचा. मला ते खरे वाटत नाही.

आता घराविषयी. दोन खोल्या, वर, पुढे लाकडी गॅलरी. खाली घरमालकीण अक्का. अक्का म्हणजे दिवसभर जिन्याच्या पायथ्याशी बसून काहीतरी निवडणारी, पाखडणारी बाई. तिच्या सुपावरून गेल्याशिवाय वर जाता येत नसे. तिला वास फार कळायचा. माझी डाळ वर पातेल्यात तळाला लागायच्या आधी खालून हाक यायची, "ओ मास्तर, डाळ लागनी!" मी मास्तर नव्हतो, पण जो पुस्तके धरतो तो मास्तर हे तिचे वर्गीकरण होते. डाळ गेली की ती निमूटपणे ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी आणि ठेचा वर पाठवायची. आमच्याबद्दल तिने कधी काही विचारले नाही. एकदाच, वकील तारखेला जळगावला गेला होता आणि पावसाने रस्ता बंद झाला होता, तेव्हा मी गॅलरीत सारख्या फेऱ्या मारत होतो. ती खालून म्हणाली, "बस ना मास्तर. तो येस ना घर. जाई कोठे?"

अक्काचा मुलगा नाना. माणूस वाईट नव्हता. त्याला वरच्या खोल्या पाडून लॉज काढायचा होता. धुळे म्हणजे मुंबई-आग्रा रस्त्यावरचे गाव, रोज शेकडो ट्रक, तेव्हा त्याच्या हिशेबाने आम्ही दोघे म्हणजे वाया गेलेल्या चार खाटा होतो. वकिलाला भाडेकायद्याने हलवता येत नव्हते. मग नानाने दुसरी वाट काढली. खोल्या एकाच्या नावावर आहेत, राहतो दुसराही. म्हणजे भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवला. म्हणजे दोघेही बाहेर. घर अक्काच्या नावावर, म्हणून दावा अक्काच्या नावाने लागला. तिचा अंगठा कशावर घेतला ते तिला कोणी सांगितले नव्हते.

नानाचा वकील आमच्या वकिलाचा मित्रच. त्याने बाररूममध्ये सरळ तोड सांगितली. "अरे युरोप, लिहून दे की तो तुझा स्वयंपाकी आहे. नोकर म्हणजे पोटभाडेकरू नव्हे. एका तारखेत विषय संपला, मी नानाला समजावतो." तोड खरोखर चांगली होती. वकिलाने घरी येऊन ती मला सांगितली, आणि सांगताना कोट काढला नाही.

"मग म्हण की नोकर," मी म्हणालो. "मला काय फरक पडतो? खोल्या राहतील."

"तुझी डाळ खाल्लेला कोणता माणूस शपथेवर सांगेल, की तुला स्वयंपाकाला ठेवलंय?"

"चेष्टा नको. मावसभाऊ म्हण मग."

"रेकॉर्डवर एकदा आलं की आलं. मी मेल्यावर तू या घरात कोण? नोकर. मग नोकराचा हिशेब करायचा आणि जिना दाखवायचा. भाऊ म्हटलं तर माझा खरा भाऊ येऊन विचारेल, हा कुठल्या आईचा?"

"मग खरं सांगशील?"

त्याने एक केळे सोलले आणि खाल्ले नाही. खरे सांगणे म्हणजे भर कोर्टात त्या जुन्या कलमाचा कबुलीजबाब देणे. त्याची सनद, माझी नोकरी, आणि पुढे काय काय, हे आम्हा दोघांना बोलून दाखवायची गरज नव्हती. शेळीसाठी, भिंतीसाठी, पाटाच्या पाण्यासाठी त्याने जे निकाल उगाळले ते सगळे एकाच केसला लागू होते, आणि ती केस आता आमच्या घरात बसली होती.

तारखेला वादी म्हणून अक्काला पिंजऱ्यात उभे केले. तिने नवे लुगडे नेसले होते. नानाच्या वकिलाने अदबीने सुरुवात केली.

"आजी, वरच्या खोल्या तुम्ही कोणाला दिल्या?"

"वकीलभाऊले."

"मग दुसरा माणूस राहतो तो कोण? तुमच्या परवानगीने राहतो का?"

"परवानगी? आपला घरमा ऱ्हावाले परवानगी लागस का?"

नानाच्या वकिलाने घसा खाकरला. "बरं, तो वकिलांच्या नात्यातला आहे का?"

"नात्यातला नही."

"नोकर आहे का?"

"नोकर!" अक्का इतकी हसली की तिला कठडा धरावा लागला. "त्याना हातनी डाळ खाई पाह्य एकदाव, मंग सांग नोकर शे का!"

कोर्ट हसले. न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला. नानाचा वकील चिडला आणि वकिलाने कधी विचारू नये तो प्रश्न त्याने विचारला. "मग तो आहे तरी कोण, आजी?"

अक्काचे हसू थांबले. ती आधी नानाकडे आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "वकीलभाऊले टायफॉइड व्हयना तवय त्याना उशाशी कोन बसेल व्हता? तो घरना माणूस शे. माले काय इचारतस? बठ्ठी गल्लीले इचार."

न्यायाधीश लिपिकाला सांगू लागले, "लिहा, सदर इसम घरातील..." तेव्हा आमचा वकील त्या दिवशी पहिल्यांदा उठला. "साहेब, साक्षीदाराचेच शब्द घ्यावेत. जसेच्या तसे." साहेबांनी मान हलवली. लिपिकाने विचारून विचारून लिहिले, 'तो घरना माणूस शे.'

युक्तिवादाची पाळी आली. सगळी बाररूम मागे गोळा झाली होती. युरोपची स्वतःची केस म्हटल्यावर आज दोन-तीन देश तरी नक्की, अशी पैज लागली होती. वकिलाने पिशवीतून तपकिरी कागदाची कव्हरे घातलेल्या पुस्तिका काढून टेबलावर ठेवल्या.  तो त्यांवर हात ठेवून उभा राहिला.

"काय वकीलसाहेब," न्यायाधीश म्हणाले, "आज युरोप नाही का?"

"नाही साहेब. तिथल्या कोर्टाने माणसाला खाजगी आयुष्य दिलंय. घर अजून दिलेलं नाही. आज अक्कांवरच भागवतो."

पुन्हा हशा. तो खाली बसला. दावा फेटाळला गेला.

बाररूमने पेढे मागितले, ते याने दिले नाहीत. घरी येऊन म्हणाला, "अपील करतो." मी म्हणालो, "अरे, आपण जिंकलो." "जिंकलेल्यावरही करतो. एवढी वर्षं दुसऱ्याच्या शेळ्यांसाठी घसा फोडला. माझी एकच केस होती रे. आणि त्यात माझं वाक्य अक्का बोलली." चार दिवस तो कायद्याची पुस्तके चाळत होता, जिंकलेल्या माणसाला अपील करता येते का ते पाहत. मी चार दिवस डाळ केली. पाचव्या दिवशी तो शरण आला.

'घर अजून दिलेलं नाही' हे त्याने विनोदाने म्हटले असे मला वाटले होते. तो गेल्यावर त्याच्या पुस्तकांत पाहिले, तेव्हा कळले की ते अक्षरशः खरे होते. विलायतेतली एक बाई आपल्या मैत्रिणीबरोबर राहत होती. घर मैत्रिणीच्या नावावर. मैत्रीण वारली आणि बाईला घर सोडायला सांगितले. ती स्ट्रासबर्गपर्यंत गेली, आणि तिथे कोर्टाच्या उंबऱ्यावरच तिला परत पाठवले. हे त्याने मला कधीच सांगितले नव्हते. पेढ्यांचे निकाल तेवढे सांगायचा.

आणि मग पोळ्याचा दुसरा दिवस आला. अग्नी भावाने दिला. अक्का त्याच्या दोन वर्षे आधी गेली होती, तेव्हा जिन्याच्या पायथ्याशी कोणी नव्हते. भाडेकायद्यात असे होते की भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाला खोल्या मिळतात. मी वारस नव्हतो, नात्यातला नव्हतो, आणि माझ्या बाजूने उठून युक्तिवाद करणारा माणूस आता उरला नव्हता. तेराव्यानंतर नाना वर आला. मी चहा केला आणि पुस्तके बांधायला सुतळी लागेल, असा विचार करत त्याच्यासमोर बसलो.

नानाने बशीत चहा ओतला. "मास्तर, खरं सांगू? माझ्या वकिलाकडे जाऊन आलो. म्हटलं, आता तर मोकळं झालं ना? त्याने जुना निकाल काढला. म्हणे, नाना, इथे तुझ्याच आईने म्हणून ठेवलंय, घरना माणूस शे. तिच्याच शब्दांत. म्हणे, एकदा रेकॉर्डवर आलं की..." तो थांबला. "पुढचं तुम्हाला माहीत असेल."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"आईने मला कोर्टात एकदा पाडलं. आता वरून पुन्हा नको." त्याने बशी खाली ठेवली. "राहा. पण मास्तर, चहासुद्धा असाच करता का हो तुम्ही?"

नवे शतक लागल्यावर दोन-तीन वर्षांत वर्तमानपत्रातून कळले, की ऑस्ट्रियातला एक माणूस स्ट्रासबर्गला जिंकला. घर त्याच्या सोबत्याच्या नावावर होते, सोबती वारला, मालकाने दावा लावला, तिथले सर्वांत वरचे कोर्टही मालकाच्या बाजूने गेले. निकाल लागायच्या आधी तो माणूसही वारला होता. तरीही कोर्टाने केस चालवली आणि म्हटले, त्याला घरातून काढणे हा भेदभाव होता. मी मिठाईच्या दुकानात जाऊन पेढे घेतले. बाररूममध्ये ओळखीचे फार राहिले नव्हते, पण वाटले. एका म्हाताऱ्या वकिलाने विचारले, "कोण जिंकलं?" मी म्हणालो, "लांबच्या नात्यातला." त्याने पेढा हातात धरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "युरोपचा, हो ना?"

आपल्या देशातल्या वरच्या कोर्टांनीही पुढे ते जुने कलम आमच्या डोक्यावरून उतरवले. त्या निकालांत उत्तर आयर्लंड आहे, आयर्लंड आहे, सायप्रस आहे, आणि गूळ-शेंगदाण्यांची ती समितीसुद्धा आहे. सगळे रेकॉर्डवर आले. धुळ्याचे नाव त्यांत नाही; शेळीचेही नाही.

मी त्याच दोन खोल्यांत राहतो. डाळ अजून लागते, खालून हाक येत नाही. वकिलाचा भाऊ थकला, आता पुतण्या केळी पाठवतो. घड तेवढाच मोठा असतो. खाणारा एक आहे.